सेवा करणारीची विश्रांती



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज ना उद्या आजाऱ्याची खाट पडणार आहे. म्हाताऱ्या आईची असेल, वडिलांची असेल, जन्मापासून अपंग असलेल्या लेकराची असेल. त्या खाटेशेजारी बसणारे एक माणूसही असणार आहे आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरातली बाई. आजाऱ्याची सेवा करावी की करू नये, हा प्रश्न मी आज मांडत नाही. ती केलीच पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. जी बाई ही सेवा वर्षानुवर्षे करते, तिने काही दिवस हे काम दुसऱ्यावर सोपवून विश्रांतीसाठी निघून जावे काय? तसे केले तर ती कर्तव्याला चुकली असे म्हणायचे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. माझ्या घरातच तो उभा राहिला आणि त्याचे पहिले उत्तर मी चुकीचे दिले. म्हणून आधी घरची हकीकत सांगतो.

मी राहुरी तालुक्यातला. आमच्या आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून मला शिकवले. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आज शिक्षक आहे, विहारात बोलायला उभा राहतो, त्यामागे तिचे हात आहेत. त्या हातांपैकी उजवा हात चार वर्षांपूर्वी गेला. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अडखळू लागले. तेव्हापासून तिचे सगळे माझी पत्नी करते. तोंड धुणे, भरवणे, मलमूत्र काढणे, अंग पुसणे, गोळ्या देणे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा आणि रात्रीही. मी पगार आणतो, औषधे आणतो, डॉक्टरांना विचारतो आणि शाळेत जातो. मला वाटत होते की आम्ही दोघे मिळून आईचे करतो आहोत.

पत्नीचे माहेर कोकणात, दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या अलीकडे समुद्राकाठी. चार वर्षांत ती तिकडे राहायला अशी गेलीच नव्हती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, शाळा बंद झाली त्या रात्री, ती मला म्हणाली, "मला आठ दिवस माहेरी जायचे आहे. तिकडे काही काम नाही. नुसते जाऊन राहायचे आहे."

मी लगेच विचारले, "मग आईचे कोण करील?" आणि एवढ्यावर थांबलो नाही. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात मी आजारी भिक्खूची गोष्ट सांगितली होती. तीच गोष्ट मी तिला ऐकवली.

ती गोष्ट आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन निवासस्थाने पाहत फिरत होते. त्यांनी त्याला पाहिले, धुतले, खाटेवर निजवले. मग त्यांनी भिक्खूंना एकत्र करून विचारले, की याची सेवा तुम्ही का केली नाही? उत्तर आले, की हा कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून आम्हीही याचे करत नाही. तेव्हा भगवंतांनी त्यांना समजावले, की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

एवढे सांगून मी गप्प बसलो. माझी खात्री होती की आता ती काही बोलणार नाही. ती थोडा वेळ आईच्या खाटेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पौर्णिमेला तुम्ही सांगितले होते, की पाणी आनंदाने आणले. भगवंतांनी ते ओतले आणि आनंदाने अंग धुतले. उचलताना भगवंतांनी डोक्याकडून धरले आणि आनंदाने पायाकडून. तिथे दोघे होते. मी चार वर्षे आईंना एकटी उचलते."

बंधूंनो, ही गोष्ट मी कितीदा वाचली होती, कितीदा सांगितली होती. त्यात दोघे आहेत हे माझ्या ध्यानात कधी आले नाही. ज्याने कधी उचलले नाही, त्याच्या ध्यानात ते यायचेच नाही. मी धम्माचे वचन तिच्यापुढे ठेवले होते ते तिला जागेवर बांधून ठेवण्यासाठी. तिने ते वचन नीट वाचून मला परत केले.

ती गेली. पुण्यात गाडी बदलून, महाडवरून, आठ दिवसांसाठी. गावात बोलणे व्हायचे ते झाले. "खाटेवरची सासू टाकून समुद्राची हवा खायला गेली," असे आमच्याच भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने विहाराच्या पायरीवर म्हटले. माझ्या कानावर ते आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. माझ्या मनातही थोडेफार तेच होते.

मग माझे आठ दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी आईचे मलमूत्र काढताना मला ओकारी आली आणि तिने डोळे मिटून घेतले. लाज तिला वाटली, वाटायला मला हवी होती. घास केवढा द्यायचा, पाणी कसे पाजायचे म्हणजे ठसका लागत नाही, हे मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या रात्री गजर वाजला तो मी बंद केला आणि झोपून गेलो. सकाळी आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. मी घाबरलो. पत्नीला फोन करून बोलावून घ्यावे म्हणून फोन हातात घेतला. आईने डाव्या हाताने खूण केली. अडखळत अडखळत बोलली, "र्‍हाऊ दे तिला. मलाबी माहेर व्हतं."

मी फोन खाली ठेवला. त्या रात्रीपासून गजर बंद केला नाही.

पत्नी परत आली तेव्हा पिशवीत आमसुले होती, सोडे होते. तिने आधी आईची पाठ पाहिली. चट्टा उतरत आला होता. मग मी विचारले, म्हणून तिने सांगितले. पहिले दोन दिवस ती फक्त झोपली. पण रात्री दर दोन तासांनी आपोआप जाग यायची आणि हात शेजारी चाचपडायचा. मग गाज ऐकू आली की लक्षात यायचे, इथे कोणाची कूस बदलायची नाही. पुढे भावजयीबरोबर ओहोटीला तिसऱ्या वेचायला गेली. एक दिवस नुसती वाळूवर बसून राहिली. आणि शेवटी तिने आणखी एक गोष्ट सांगितली, "निघायच्या आदल्या दिवशी वाटले, परत जाऊच नये. खोटे कशाला सांगू? वाटले. तरी आले."

या हकीकतीतून जे प्रश्न निघतात, ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा, की सेवेला सुट्टी नसते. सुट्टी घेतली की सेवेत खंड पडला, आणि खंड पडला की पुण्य गेले. हा विचार कुठून आला? तो आपल्या जुन्या घरातून आला आहे. तिथे सुनेला सांगत, की सासूची सेवा हे तुझे भाग्य आहे, आणि भोग वाट्याला आले तर ते मागच्या जन्मीचे आहेत. मागच्या जन्माचे नाव घेतले की या जन्मात कोणी कोणाला मदत करण्याचे कारण उरत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला त्या घरातून बाहेर काढले. आपण देव काढले, तसबिरी काढल्या. पण सुनेच्या पाठीवरचे ओझे काढले काय? ते तसेच ठेवून त्यावर 'करुणा' असा नवा शब्द लिहिला तर धर्मांतर अर्धेच झाले.

भगवान बुद्धांनी स्वतः काय केले ते पाहा. मज्झिमनिकायात सेख सुत्त आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले आणि भगवंतांना बोलावले. रात्री उशिरापर्यंत त्यांनी उपदेश केला. मग ते आनंदाला म्हणाले, की माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो, पुढचे तू सांग. आनंदाने पुढचे सांगितले आणि भगवंत उजव्या कुशीवर पहुडले. धम्म सांगण्याहून मोठे काम कोणते? तेही त्यांनी पाठ दुखली तेव्हा दुसऱ्यावर सोपवले. पाठ दुखते हे सांगताना त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि काम सोपवले म्हणून धम्माचे काही बिघडले नाही. आपल्या घरातली बाई पाठ दुखते म्हणून सांगते, तेव्हा आपण काय ऐकतो?

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. मालकाने नोकराशी कसे वागावे, हेही तिथे आहे. शक्ती पाहून काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे आणि वेळोवेळी त्याला सुट्टी द्यावी. सुट्टी हा त्या पाच कर्तव्यांतला एक भाग आहे, मालकाची मेहरबानी नव्हे. जो धम्म अडीच हजार वर्षांपूर्वी नोकराला सुट्टी देतो, तो घरच्या सुनेला ती नाकारील काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सेवा करणारी विश्रांतीला गेली तर आजाऱ्याचे हाल होतात. माझ्या आईच्या पाठीवरचा लाल चट्टा हा त्याचा पुरावा आहे, असे कोणी म्हणेल. मी त्या चट्ट्याचा विचार पुष्कळ केला. तो पत्नीच्या माहेरी जाण्याने उठला नाही. तो माझ्या चार वर्षांच्या अज्ञानाने उठला. एका घरात दोन धडधाकट माणसे आहेत आणि आजाऱ्याची कूस बदलणे त्यातल्या एकालाच येते, तर त्या आजाऱ्याचा जीव एका धाग्यावर टांगलेला आहे. ते एक माणूस उद्या स्वतः आजारी पडले तर? म्हणून विश्रांतीचा पहिला नियम असा, की जाण्यापूर्वी बदली माणूस तयार झाले पाहिजे. आजाऱ्याच्या वाट्याचे काही कमी होता कामा नये. विश्रांतीचा हक्क आहे, याचा अर्थ खाट टाकून जाण्याची मुभा आहे असा नाही.

संयुत्तनिकायात एका डोंबाऱ्याची गोष्ट आहे. गुरू शिष्याला म्हणतो, की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपण बांबूवरून नीट उतरू. शिष्य म्हणतो, तसे नव्हे, तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, म्हणजे दोघेही वाचू. भगवंतांनी शिष्याची पद्धत योग्य ठरवली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो आणि क्षमा, अहिंसा, मैत्री, करुणा यांनी दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, असे त्यांनी सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र घ्यायच्या आहेत. नुसते स्वतःला पाहणारा स्वार्थी होतो. नुसते दुसऱ्याला पाहणारा बांबूवरून पडतो आणि खालच्यालाही घेऊन पडतो.

आपण नगर जिल्ह्याची माणसे. आज कागदोपत्री जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण विहिरींचे तळ तेच आहेत. विहिरीचा उपसा दिवसरात्र चालू ठेवला तर ती कोरडी पडते, आणि रात्रभर सोडली तर सकाळी पाणी चढलेले असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माणसाच्या मैत्रीचेही तसेच आहे. पत्नी म्हणाली, परत येऊच नये असे वाटले. हा विचार पाप काय? मी म्हणतो, नाही. मनात विचार आला, तिने तो ओळखला, आणि विचार करून ती परत आली. चार वर्षे ती या खाटेजवळ होती ती दुसरी वाट नव्हती म्हणून. आता आली ती स्वतः ठरवून आली. निरुपायाने केलेली सेवा आणि निवडून केलेली सेवा यांत किती फरक आहे, ते आजाऱ्याला त्या हातांच्या स्पर्शावरून कळते.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. "विश्रांती, हवापालट ही मोठ्या लोकांची थेरे. आपल्या आयाबायांनी कधी विश्रांती घेतली काय?" खरे आहे, घेतली नाही. पण का घेतली नाही? त्यांना कोणी घेऊ दिली नाही म्हणून. महारकीचे वतन काय होते, ते आठवा. त्या कामाला वेळ नव्हती. सरकारी माणूस दिवसा येवो की मध्यरात्री, जावेच लागे. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला धरून नेत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणले, तेव्हा त्यांचे एक गाऱ्हाणे हेच होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. तेच बाबासाहेब १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात, १९४५ च्या दुरुस्तीने, कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. विश्रांती ही श्रीमंतांची चैन आहे असे बाबासाहेब मानत असते, तर त्यांनी हे कशासाठी केले असते? ज्या कामाला वेळ नाही, रजा नाही आणि जे नाकारता येत नाही, त्या कामाला आपल्या भाषेत एक नाव आहे. ते काम आपण आपल्याच घरात एका बाईला नेमून दिलेले नाही ना, याचा प्रत्येकाने विचार करावा.

सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत असे दिसले, की बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि ते करणारा पुरुष ९७ मिनिटे. आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा आपल्याकडे २००७ साली झाला आणि तो चांगलाच आहे. पण त्या आईबापांची कूस रात्री कोण बदलते, त्या बाईच्या विश्रांतीची तरतूद त्यात नाही. जर्मनीत १९९५ पासून सेवा-विमा आहे. घरी आजाऱ्याचे करणारे माणूस विश्रांतीला गेले, तर त्याच्या बदली येणाऱ्या माणसाचा खर्च त्या विम्यातून मिळतो. म्हणजे जगात हे मानले गेले आहे. आपल्याकडे ते यायला वेळ लागेल. पण घरात आणायला कोणाची मंजुरी हवी?

इथे काही भगिनी मला माता रमाईंचे उदाहरण देतील. मीही तेच देतो. रमाईंचे माहेर वणंद, त्याच दापोली तालुक्यातले. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या वाहून पोट भरत. आईवडील लहानपणीच गेले आणि नातेवाइकांनी मुलांना मुंबईला आणले. म्हणजे थकून ज्या माहेरी जावे, ते माहेरच रमाईंना उरले नव्हते. त्यांची पाच अपत्ये झाली, त्यांतली चार गेली. २७ मे १९३५ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, राजगृहात त्या गेल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी १९४० साली त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. आपण रमाईंच्या त्यागाची गाणी गातो आणि ती गावीतच. पण त्या त्यागाकडे बोट दाखवून घरातल्या थकलेल्या बाईला गप्प बसवणे हा रमाईंचा सन्मान नव्हे. असे झिजणे पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, हीच त्यांच्या दुःखाची खरी आठवण आहे.

आणि माहेर नसलेल्या बाया आजही आहेत. कोणाचे आईबाप गेले, कोणाचा भाऊ विचारत नाही, कोणाच्या नवऱ्याकडे गाडीभाडे नाही. आपल्या जिल्ह्याला समुद्रही नाही. अकोल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले तर खाली कोकण दिसते, एवढाच आपला आणि कोकणाचा शेजार. मग त्यांनी कुठे जावे? भगवंतांचे शब्द इथे उपयोगी पडतात. ज्याला आईबाप नाहीत त्याचे संघाने करावे. त्या विनयाच्या नियमात आजारी भिक्खूची जबाबदारी गुरूवर आहे, शिष्यावर आहे, गुरुबंधूंवर आहे, आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती साऱ्या संघावर आहे. ती कुठेही एकट्याच्या गळ्यात बांधून ठेवलेली नाही.

म्हणून माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. ज्या घरात आजाऱ्याची खाट आहे, तिथल्या प्रत्येक धडधाकट पुरुषाने आणि मोठ्या मुलाने कूस बदलायला, भरवायला, स्वच्छ करायला शिकावे. आठवड्यातल्या निदान दोन रात्री त्यांनी घ्याव्यात. वस्तीतल्या विहाराने अशा घरांची यादी करावी आणि दर रविवारी एक जोडपे दोन-तीन तास त्या खाटेजवळ जाऊन बसावे, म्हणजे तिथली बाई शेजारच्या घरी जाऊन नुसती झोपली तरी चालेल. वर्षातून आठ दिवस तिला पूर्ण मोकळीक द्यावी. ती माहेरी जावो, बहिणीकडे जावो, कुठेही जावो. ती कुठे जाते आणि काय करते, याचा हिशेब तिला मागू नये.

त्या दिवाळीपासून आमच्या घरी शनिवार आणि रविवारच्या रात्री माझ्या आहेत. पहिले काही दिवस पत्नी गजर नसतानाही उठून यायची आणि दारात उभी राहायची. आता येत नाही. आईला दुपारी उचलायचे असते तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे उचलतो. मी डोक्याकडून धरतो, ती पायाकडून. शाळेच्या दिवशी तिला अजून एकटीलाच उचलावे लागते. त्याची वाट काढणे बाकी आहे आणि ती मी वस्तीतल्या बंधूंशिवाय काढू शकत नाही.

पायरीवर बोलणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांना मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. ते आज इथे दिले आहे. त्यांच्याही घरी म्हातारी आई आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे जाऊन बसणार आहोत.

आपणही आज घरी विचारा, की ती शेवटची सलग कधी झोपली होती.

जय भीम.